गळतीचे भाकीत

शाळेतील गळती शिक्षकांना नवी नाही. मानसोपचारातही गळती असते. दोन-तीन भेटी झाल्या की रुग्ण येईनासा होतो. असा रुग्ण आधीच ओळखावा, म्हणून व्यक्तिमत्त्व चाचण्या वापरून पाहिल्या जातात. मिनेसोटा विद्यापीठातील प्रसिद्ध चाचणीच्या १९८९ च्या सुधारित आवृत्तीत ५६७ विधाने आहेत; प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' अशी खूण करायची. (एवढी पुरी करणारा रुग्ण चिकाटीचाच म्हणायचा!) उपचारांविषयीची प्रतिकूल वृत्ती मोजणारी एक स्वतंत्र श्रेणीही तीत आहे.

पण गळती म्हणजे नेमके काय? विर्झबिकी व पेकारिक यांनी १९९३ साली १२५ अभ्यास एकत्र केले, तेव्हा सरासरी ४७ टक्के आली. स्विफ्ट व ग्रीनबर्ग यांनी २०१२ साली ६६९ अभ्यास तपासले, तेव्हा ती सुमारे २० टक्के निघाली. ठरलेली भेट चुकवणे म्हणजे गळती, की उपचारकाला तसे वाटणे म्हणजे गळती, यावरही आकडा बदलतो. तीन भेटींत बरे वाटून थांबलेला रुग्णही कधी कधी गळतीतच मोजला जातो.

आता थोडे गणित करू. १०० रुग्णांपैकी २० जण सोडून जाणार आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ७० टक्के अचूक आहे, असे समजा. ती २० पैकी १४ जणांना ओळखेल. पण टिकणाऱ्या ८० पैकी २४ जणांवरही तोच शिक्का मारेल. शिक्का बसलेल्या ३८ जणांत २४ निर्दोष! वर्गात हे उदाहरण जरूर सोडवून घ्यावे.

आमचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. काटेवाडीच्या एखाद्या शेतकऱ्याला दर आठवड्याला पुण्याला बोलावले, असे समजा. बारामतीहूनच पुणे सुमारे १०० किलोमीटर; काटेवाडी तिच्याही पलीकडे, इंदापूर रस्त्यावर. एस.टी.चे भाडे, बुडालेला दिवस, उसाला पाणी देण्याची पाळी, 'वेड्याच्या डॉक्टरकडे जातो' ही गावातली कुजबुज, यांतले काहीच स्वभावाच्या श्रेणीत मोजले जात नाही. शिवाय या चाचणीचे प्रमाणीकरण झाले ते २६०० अमेरिकन प्रौढांवर. गुणांकन हाती आले की दोष मात्र रुग्णाच्या स्वभावाचा ठरतो.

अशा रुग्णाला प्रतीक्षायादीत मागे ढकलले, तर भाकीत आपोआप खरे होईल. उलट पहिल्याच भेटीत 'येण्यात अडचण काय?' असे विचारून बाजाराचा दिवस सोडून तारीख दिली, तर तो येईलही. मग चाचणीच्या नोंदवहीत ते भाकीत चुकलेले म्हणूनच लिहिले जाईल.