दोन शब्दांची ओळ

१९७१ ची 'गरिबी हटाव' ही घोषणा मी कविता म्हणून वाचतो. विरोधक म्हणाले 'इंदिरा हटाव', बाईंनी एकच शब्द बदलला आन् ५१८ पैकी ३५२ जागा नेल्या. ओळ म्हणून जबरा! पण दोस्तहो, हटवणार कोण, कुणाच्या ताटातलं काढून, पत्ता नाही. जातीचा तर उच्चारच नाही. गरिबी जातीनं वाटली जाते, तेच या ओळीनं झाकलं.

तरी मतदार खुळा म्हणणाऱ्या मास्तरांशी माझं भांडण आहे. आणीबाणीनंतर, १९७७ ला, बाईंच्या काँग्रेसला उत्तर प्रदेशात ८५ पैकी भोपळा, आंध्रात ४२ पैकी ४१. का? नसबंदीची सक्ती उत्तरेत अंगावर आली, दक्षिणेत तेवढी नाही. लोकशाही की हुकूमशाही, हा तराजू पेपरवाल्यांचा. माणूस कातडीवर तोलतो. (साच्यावर पाळी काढणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.)

मग २००६ ची खैरलांजी २००९ ला दिल्लीचं तख्त ठरवताना देशाचा मुद्दा का झाली नाही? वळ आमच्या कातडीवर होते, त्यांच्या नाही. आणि ते त्यांना लागतील अशी दोन शब्दांची ओळ आपल्यात कुणी लिहिली? आपण दहा-दहा पानांच्या कविता लिहितोय, आपणच वाचतोय.