आधी आकृती, मग चेहरा

व्हिडिओ गेममधल्या पात्राचा स्वभाव खेळाडूला तीन वाटांनी कळतो: बाह्याकृती, हालचाल आणि चेहरा. यांपैकी चेहऱ्याचा बोलबाला सर्वांत जास्त, आणि प्रत्यक्ष खेळताना दिसतो तो सर्वांत कमी. कॅमेरा बहुतेक वेळ पात्राच्या पाठीमागे असतो, नाहीतर डोक्यावर उंच. मोबाइलच्या पडद्यावर तर नाकडोळ्यांच्या वाट्याला नखाएवढीही जागा येत नाही.

या माध्यमातला सर्वांत ओळखीचा चेहरा, मारिओचा, अशाच अडचणीतून जन्माला आला. 1981च्या ‘डाँकी काँग’साठी गेमरचनाकार शिगेरू मियामोतो यांच्या हाती मोजकेच ठिपके होते. तोंड काढायला जागा नव्हती म्हणून मोठे नाक आणि मिशी आली, केस हलते दाखवणे टाळण्यासाठी टोपी आली आणि हात धडापासून वेगळे दिसावेत म्हणून ओव्हरऑल. मारिओ कष्टकरी, साधा आणि थोडा गमतीदार वाटतो तो या तीन तडजोडींमुळे. पुढे ठिपक्यांची टंचाई संपली तरी हे शहाणपण उरले. ‘टीम फोर्ट्रेस 2’मधले (2007) नऊ लढवय्ये केवळ सावलीवरून, लांबून ओळखू यावेत अशा बेताने रेखाटले आहेत.

चेहऱ्याचा पाठलाग मात्र थांबला नाही. ‘हाफ-लाइफ 2’ने (2004) पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाच्या स्नायू-वर्गीकरणाचा आधार घेऊन पात्रांच्या भुवया आणि ओठ हलवले. अशी मोजदाद भारतीय वाचकाला नवी नाही. नाट्यशास्त्राने दृष्टीचे 36 प्रकार, भुवयांच्या 7 आणि मस्तकाच्या 13 हालचाली कधीच नोंदवून ठेवल्या आहेत. ‘एल. ए. न्वार’ने (2011) तर 32 कॅमेऱ्यांनी नटांचे चेहरे टिपले आणि साक्षीदार खोटे बोलतो आहे का, हे खेळाडूने त्याच्या मुद्रेवरून ओळखावे असा डाव मांडला. परिणाम अपुरा राहिला. खोटेपणा खेळाडूच्या लक्षात यावा म्हणून नट नजर चुकवणे, ओठ चावणे ठसठशीत करत राहिले. शिवाय शरीराच्या हालचाली वेगळ्या टिपल्यामुळे मान आणि धड दोन वेगळ्या माणसांचे वाटते. नाट्यशास्त्रकार भरतमुनींनी आंगिक अभिनयात मुद्रेबरोबर शरीरही धरले होते, हे इथे आठवते.

चेहऱ्यावर विसंबून न राहता भाव कसा दाखवायचा, या प्रश्नाचे वेगळे उत्तर कोलकात्याच्या चित्रपरंपरेत दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या कालीघाट पटांत चेहरे जवळजवळ सारखे असतात: लांबट डोळे, कमानदार भुवया, शांत ओठ. 1873च्या तारकेश्वर प्रकरणात नवीनने पत्नी एलोकेशीचा बोंटीने, म्हणजे बंगाली विळीने, खून केला. त्या घटनेवरच्या पटांत शस्त्र उगारलेले असतानाही तिच्या मुखावर फारसा फरक नसतो. भय सांगतात ते वळलेले धड आणि हात. बाबू, म्हणजे त्या काळचा छानछोकीचा बंगाली शौकीन, ओळखू येतो तो भांग पाडलेल्या केसांवरून, चुणीदार धोतरावरून आणि बसण्याच्या ऐटीवरून. कालीघाटच्या देवळात येणाऱ्या यात्रेकरूंना झटपट आणि स्वस्तात विकायच्या चित्रांत प्रत्येक चेहरा निराळा रंगवणे परवडणारे नव्हते. गेमच्या कारखान्याचे गणितही नेमके हेच आहे.

कुमारटुलीत, म्हणजे कोलकात्याच्या मूर्तिकारांच्या वस्तीत, चेहऱ्याला मान आहे, पण तोही ठरावीक साच्याचा. जुन्या ‘बांगला’ धाटणीत दुर्गेचा चेहरा विड्याच्या पानाच्या आकाराचा आणि डोळे उभ्या चिरलेल्या परवलासारखे असतात. डोळे रंगवण्याचा विधी महालयेच्या सुमारास होतो. 1930च्या दशकात मूर्तिकार गोपेश्वर पाल यांनी एकाच चौकटीतली मूर्तिरचना मोडून देवतांना सुटे केले आणि त्यांना माणसासारखी शरीरे दिली. तेव्हापासून तिथे दोन्ही वळणे नांदतात. त्यातही जुन्या धाटणीची दुर्गा अधिक बोलते. महिषासुराला मारताना तिच्या नजरेत संताप नसतो, त्यामुळे सगळा जोर दहा हातांवर आणि रोवलेल्या पायावर येतो.

छापील पात्रांत आकृतीतून स्वभाव सांगण्याचे हे कसब बंगाली चित्रकथाकार नारायण देबनाथ यांनी वापरले. ‘हांदा भोंदा’ 1962 साली सुरू झाले: एक काटकुळा, एक गोलमटोल, आणि जोडी पाहताच कोण कुणावर कुरघोडी करायला जाऊन तोंडघशी पडणार याचा अंदाज येतो. 1965चा ‘बांटुल द ग्रेट’ याहून नेटका. गुलाबी बनियन, काळी चड्डी, अनवाणी पाय, प्रचंड छाती आणि तिला न शोभणाऱ्या काटक्यांसारख्या तंगड्या. वरचा भाग शक्ती सांगतो, खालचा भाग निरागसता. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके असले तरी काही अडत नाही.

कोलकात्याच्या गेमनिर्मितीत याच विचाराचे गंभीर रूप ‘मिसिंग’मध्ये (2016) दिसते. कलाकार लीना केजरीवाल यांनी मुलींच्या तस्करीवरचा आपला प्रकल्प 2014मध्ये लोखंडी पत्र्याच्या काळ्या आकृत्यांनी सुरू केला होता. आकाशासमोर उभ्या केलेल्या या मुलींना चेहराच नव्हता. पुढे शहरातल्या फ्लाइंग रोबोट स्टुडिओजसोबत त्याचा मोबाइल गेम झाला. खेळाडू तस्करीत अडकलेल्या चंपा नावाच्या मुलीच्या जागी असतो. कुणाशी काय बोलायचे, कधी नमते घ्यायचे, कधी निसटायचे हे त्याला निवडावे लागते. काळी आकृती कुणाचीही मुलगी असू शकते. चंपा मात्र एकच मुलगी आहे. नाव आणि रूप मिळताच तिचे दुःख जवळ येते आणि ‘कुणीही’ ही भीती काहीशी ओसरते. दोन्ही एकाच वेळी साधणे कठीण, हे या प्रकल्पातून स्पष्ट होते. त्या पत्र्याच्या आकृत्या चंपापेक्षा जास्त काळ डोक्यात राहतात, असेच म्हणावे लागेल.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (2020) दुसऱ्या बाजूने चेहऱ्याविना पात्र उभे करण्याच्या प्रश्नापाशीच पोचतो. राजी भटक्या सर्कशीतली मुलगी. खांबावर गिरकी, भिंतीवरून धाव, त्रिशूळ फिरवणे यांतून तिची चपळाई आणि जिद्द कळते. कॅमेरा दूर असल्याने मुद्रा दिसतच नाही. उणीव भरायला दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन ठेवले आहे आणि ते तिच्या मनातले वारंवार सांगून टाकते. तिच्या शरीरावर निर्मात्यांनी आणखी भरवसा ठेवायला हवा होता.

आकृती बोलकी असली म्हणजे खरी असते असे मात्र नाही. ‘स्ट्रीट फायटर 2’मधला (1991) धाल्सिम हा बाह्याकृतीच्या दृष्टीने उत्तम नमुना आहे: लांबणारे हात, बुबुळांविना डोळे, गळ्यात कवट्या. कथेत तो शांतताप्रिय योगी आहे. चित्रात परदेशी कल्पनेतला भारत. सौविक मुखर्जी या कोलकात्याच्या अभ्यासकाने ‘व्हिडिओगेम्स अँड पोस्टकलोनिअलिझम’मध्ये (2017) अशा साम्राज्यवादी नजरेची सविस्तर चिकित्सा केली आहे.

भारतीय स्टुडिओंपुढे आज मोठ्या परदेशी कंपन्यांसारखे टिपलेले, सुरकुत्या मोजता येतील असे चेहरे करण्याचा मोह आहे. त्या शर्यतीत त्यांचा पैसा पुरणार नाही, आणि जिंकले तरी पात्र जिवंत होईलच असे नाही. तोच खर्च उभे राहण्याच्या ढबीवर, चालीवर आणि कपड्यांच्या निवडीवर केला तर पात्रे अधिक ओळखीची होतील.