मुखडा हरवत जातो

आधी तबकडीची खरखर ऐकू येते. मग तिच्या आडून नाचाच्या बँडची एक धून. घुमारा इतका वाढवलेला, की वाजवणारे लांबच्या एखाद्या ओस दालनात बसलेत असं वाटावं. धून गोड आहे, किंचित आळसावलेली, एकदा ऐकली की गुणगुणता येईल अशी. मूळ गाणं 'हार्टेक्स', १९३१ सालचं, गायक अल बाउली. (हा बाउली १९२०च्या दशकात एका बँडबरोबर कलकत्त्यातही गाऊन गेला होता. १९४१मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात तो गेला.) पण इथे त्याचा आवाज लागतच नाही. वाद्यांचा भाग तेवढा घेतलाय, तो संथ केलाय. आता गायक तोंड उघडणार म्हणून आपण कान टवकारतो, तर तीच धून पुन्हा पहिल्यापासून. बाउलीच्या गाण्यातले शब्द उरलेत ते फक्त या तुकड्याच्या नावात : 'इट्स जस्ट अ बर्निंग मेमरी'.

इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा लेलंड कर्बी 'द केअरटेकर' या नावाने १९९९पासून अशा जुन्या तबकड्यांवर काम करत होता. नाव सुचलं स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'वरून. त्या चित्रपटात बर्फाने वेढलेल्या हॉटेलचा एक राखणदार आहे आणि तिथल्या नाचाच्या दालनात गेलेल्या काळातली माणसं अजून नाचतायत. तिथे वाजणाऱ्या एका गाण्यातला आवाजही बाउलीचाच. या नावाखालचं शेवटचं मोठं काम कर्बीने सप्टेंबर २०१६ ते मार्च २०१९ या काळात सहा टप्प्यांत बाहेर काढलं : 'एव्हरीव्हेअर ॲट दि एंड ऑफ टाइम'. पन्नास तुकडे, सुमारे साडेसहा तास; वरची धून त्यांतल्या पहिल्याच तुकड्याची. स्मृतिभ्रंश झालेल्या मनाचा पहिल्या विसराळूपणापासून अखेरपर्यंतचा प्रवास, हे त्याचं सूत्र. मुखपृष्ठांवर आयव्हन सील या चित्रकाराची चित्रं आहेत, अक्षर एकही नाही. चौथ्या टप्प्यावर मस्तकाचा आकार आहे, पण चेहरा नाही. सहाव्यावर नुसता चिकटपट्टी लावलेला कोरा फलक.

सूत्र कळलं म्हणजे अल्बम कळला असं मात्र होत नाही. तो कळायला 'हार्टेक्स'चा माग काढावा लागतो.

दुसऱ्या टप्प्यात ती धून परत येते. ध्वनिमुद्रण निराळं आहे, चाल आणखी संथ, खरखर दाट. ओळखीची वाटते, पण पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती अशीच होती का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. तिसऱ्या टप्प्यात ती पुन्हा भेटते तेव्हा सूर एकमेकांत विरघळलेले असतात, पितळी वाद्यांच्या कडा झिजलेल्या असतात. आपल्याकडे ख्यालात मुखडा परत आला की जीव निवांत होतो. गायक कितीही लांब गेला तरी समेवर येऊन टेकणार, हा भरवसा असतो. इथे मुखडा परत आला की भरवसा उडतो. तो बदललाय हे कळतं, नेमका कुठे बदललाय ते कळत नाही. शंका रेकॉर्डवर घ्यावी की स्वतःच्या कानांवर, अशा पेचात कर्बी आपल्याला नेऊन उभं करतो.

माझ्या मते या रचनेचं खरं वाद्य ऐकणाऱ्याची आठवण हेच आहे. तबकड्या, प्रतिध्वनी, संगणकावरची कापाकापी ही सगळी त्या वाद्याची तार छेडण्याची साधनं. म्हणून मला तिसरा टप्पा सर्वांत थोर वाटतो. त्यात सोळा तुकडे आहेत आणि त्यांतले कित्येक वाजता वाजता मध्येच तुटतात. वाक्य अर्ध्यावर सोडून माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो, तसे. गाणं अजून गाणं आहे, आणि तेवढ्यासाठीच त्याचं निसटणं जाणवतं.

चौथ्या टप्प्यापासून गाणी उरत नाहीत. वीस मिनिटांहून लांब असे चारच तुकडे, आणि त्यांतल्या तिघांचं नावही एकच : 'पोस्ट अवेअरनेस कन्फ्यूजन्स'. दहा-पंधरा सेकंद एखादा सूर वर येतो, त्याच्यावर दुसरी तबकडी चढते, तिला तिसरी गिळते. या गोंगाटात कान स्वस्थ बसत नाही. तो धून शोधत राहतो. मला दोनदा 'हार्टेक्स'ची पहिली ओळ ऐकू आल्यासारखी वाटली. ती तिथे होती की मीच ती तिथे ठेवली, याचा निवाडा मी अजून करू शकलेलो नाही. या भागाला 'नुसता आवाज' म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पहिले तीन टप्पे पुरेसे मुरू दिले नसावेत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मागे धून रुजलेली असेल तरच तिचा अभाव ऐकू येतो. पाचव्या टप्प्याबद्दल मात्र मीही साशंक आहे. तिथला कल्लोळ चौथ्याचाच विस्तार आहे आणि त्याची लांबी सूत्राखातर ठेवल्यासारखी भासते. सहाव्यात उरते ती खोल, जड गुंज आणि तिच्यावर तरंगणारी खरखर.

श्रोत्यांच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. ज्यांनी हा अल्बम येईल तसतसा ऐकला, त्यांच्या दोन टप्प्यांमध्ये दर वेळी सुमारे सहा महिने गेले. त्यांचा विसर खरा होता. एप्रिल २०१७मध्ये दुसरा टप्पा हाती आला तेव्हा सप्टेंबरातली धून त्यांच्या मनात तशीही झिजलेली असणार. कर्बीने जे तंत्राने केलं, ते त्यांच्या बाबतीत काळानेही केलं होतं. २०२०च्या शरदात, महासाथीमुळे जग घरात कोंडलेलं असताना, टिकटॉकवरच्या मुलामुलींनी एका बैठकीत साडेसहा तास ऐकून दाखवण्याचं आव्हान एकमेकांना दिलं. त्यावर नाकं मुरडली गेली. सहनशक्तीची शर्यत म्हणून हे संगीत ऐकणं मलाही रुचत नाही. पण त्या लाटेतून पुढे जे झालं ते मोलाचं आहे. सोळा-अठरा वर्षांच्या पोरांनी आपल्या आज्या-आजोबांबद्दल लिहायला सुरुवात केली. अल्बममध्ये वापरलेल्या तबकड्या हुडकून काढण्याचं काम श्रोत्यांनी चिकाटीने केलं, बहुतेक सगळ्या धुनांची कुळं शोधली. विसरण्यावरच्या या अल्बममुळे नव्वद वर्षांपूर्वीचे विस्मरणात गेलेले बँड पुन्हा कुणाच्या तरी तोंडी आले.

आक्षेपही आहेत, आणि त्यांतला एक मला मान्य आहे. स्मृतिभ्रंशाचा आजार असा नसतो. माझ्या आत्याला शेवटच्या वर्षांत स्वतःच्या मुलाचं नाव सापडत नसे, पण पहाटे भूपाळी मात्र अथपासून इतिपर्यंत बिनचूक. ज्यांनी घरात अशा माणसाचं केलंय, त्यांना हे नवं नाही. गाणं सगळ्यांत शेवटी जातं. कर्बीला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. अल्झायमरच्या रुग्णांना गाऊन ऐकवलेले शब्द नुसत्या बोलून ऐकवलेल्या शब्दांपेक्षा अधिक ओळखता येतात, असं २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्याच धाग्यावरून त्याने २०११मध्ये 'ॲन एम्प्टी ब्लिस बियाँड धिस वर्ल्ड' हा अल्बम केला होता. मग इथे गाण्याचीच आधी पडझड का? कारण ध्वनिमुद्रणात कर्बीजवळ दुसरं काही नाही. नाव, चेहरा, घराची वाट, चमचा कसा धरायचा, हे सगळं त्याला गाण्याच्याच रूपात हरवावं लागतं. रुग्णालयातला दस्तऐवज म्हणून हा अल्बम ऐकायला बसलं तर तो चुकीचा ठरेल. शिवाय त्यात घर नाही, कूस बदलून देणारे हात नाहीत, तेच उत्तर दहाव्यांदा देणारी सून नाही. हे सगळं बाहेर ठेवून तो एकाच मनाच्या आत राहतो, आणि तेवढ्यापुरता मला खरा वाटतो.

सहाव्या टप्प्याच्या अगदी शेवटी, सहाएक मिनिटं उरली असताना, गुंज थांबते. सुई तबकडीवर टेकल्याचा आवाज येतो आणि माणसांचे आवाज गाऊ लागतात, कितीतरी तासांत पहिल्यांदाच इतके स्पष्ट. मग एक मिनिट पूर्ण शांतता, आणि अल्बम संपतो. या सहा मिनिटांवर श्रोत्यांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, मरणापूर्वी काही रुग्णांना क्षणभर सगळं स्वच्छ आठवतं, तेच हे. कुणी म्हणतं, हा मरणोत्तर प्रवास. मला यापेक्षा त्या तबकडीचा इतिहास जास्त बोलका वाटतो. तिच्यावरचं संगीत एका 'सेंट ल्यूक पॅशन'मधलं आहे. ही रचना बरीच वर्षं बाखच्या नावावर होती, पण ती बाखची नसल्याचं आता मानतात. तिचा हाच भाग कर्बीने २००१च्या 'अ स्टेअरवे टू द स्टार्स'मध्ये, याच 'द केअरटेकर' नावाखाली, एकदा वापरला होता. म्हणजे अल्बममधल्या काल्पनिक माणसाआधी इथे आठवण येते ती कर्बीला स्वतःच्या कामाची. २०२०मध्ये पहिल्यांदा ऐकणाऱ्या पोराला ते समूहगान आकाशातून उतरल्यासारखं वाटलं. अठरा वर्षं कर्बीच्या मागोमाग ऐकत आलेल्या श्रोत्याने ते पहिल्या दोन सुरांत ओळखलं.