दुःखाची ऑडिशन

अडलेल्या माणसाची कहाणी विकणे टीव्हीला नवे नाही. अमेरिकेत १९५६ ते १९६४ या काळात देशभर दाखवल्या गेलेल्या ‘क्वीन फॉर अ डे’मध्ये बायका आपली नड सांगत, प्रेक्षकांच्या टाळ्या यंत्रावर मोजल्या जात आणि जिला सर्वाधिक टाळ्या, तिला मुकुट व प्रायोजकांच्या भेटवस्तू मिळत. बाकीच्यांचे दुःख कमी पडलेले असे.

या प्रकाराचा कळस सीबीएस वाहिनीच्या ‘द ब्रीफकेस’ने २०१५ मध्ये गाठला. आर्थिक ओढाताणीतल्या कुटुंबाच्या हाती १ लाख १ हजार डॉलरची बॅग द्यायची आणि तशाच दुसऱ्या कुटुंबाला त्यातले किती द्यायचे, हे ७२ तासांत ठरवायला लावायचे. त्या घरीही तशीच बॅग पोचली आहे, हे दोन्ही कुटुंबांपासून लपवलेले. नाट्य म्हणून रचना बिनतोड. खोट आहे ती त्या लपवण्यातच. नवरा-बायको पैशावरून भांडतात, रडतात आणि प्रेक्षक त्यांच्या दानतीचा निवाडा करत बसतो. ती वेळ त्यांच्यावर का आली, पगार का पुरत नाही, हे प्रश्न चौकटीबाहेर राहतात.

ब्रिटनमध्ये सरकारी भत्त्यांवर जगणाऱ्यांवरची ‘बेनिफिट्स स्ट्रीट’ (२०१४) ही मालिका आल्यावर, ती जिथे चित्रित झाली त्या बर्मिंगहॅममधल्या गल्लीतले रहिवासी म्हणाले की, आम्हाला कार्यक्रम शेजारधर्मावर असल्याचे सांगितले होते. घरगुती भांडणे पडद्यावर मांडणारा तिथलाच ‘जेरेमी काइल शो’ २०१९ मध्ये बंद झाला, तो एका सहभागी व्यक्तीच्या मृत्यूनंतर. पुढे २०२१ मध्ये तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने सहभागींच्या काळजीचे नियम कडक केले.

आपल्याकडे हे गाण्याच्या स्पर्धांतून आले. सूर लागण्याआधी पत्र्याचे घर, आजारी आई, वडिलांची हातगाडी यांची ‘एव्ही’, म्हणजे ओळखीची चित्रफीत, लागते. ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता अभिजीत सावंत यानेच २०२१ मध्ये तक्रार केली की, हल्ली गुणवत्तेपेक्षा स्पर्धकाच्या गरिबीत जास्त रस घेतला जातो. परीक्षकांचे डोळे पाणावले की गाण्याची चिकित्सा संपते. म्हणजे नुकसान कलेचेही होते.

‘कुणी बळजबरी केली का?’ हा निर्मात्यांचा ठरलेला सवाल. काही घरांचे खरोखर भले होते, हेही मान्य. पण गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण निर्मात्यांनाही ठाऊक आहे. नडलेल्याचा होकार संमती ठरायचा, तर खेळाचे सगळे नियम त्याला आधी कळायला हवेत आणि अंतिम संकलन पाहून आपल्या घरातला एखादा प्रसंग वगळायला लावण्याचा हक्कही त्याला हवा.

अशा कार्यक्रमांत लहान मुलेही असतात. भारतात २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के वाटा त्याच्या नावे बँकेत ठेवावा लागतो. वेळ मोजली, पैसा मोजला. बापाचे कर्ज कॅमेऱ्यासमोर सांगताना त्या मुलाने जे गमावले, त्याचा हिशेब मात्र कोणत्याच करारात नाही.