कोकिळेचे अंडे आणि दाराची कडी

कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते आणि कावळीण ते आपलेच समजून उबवते, हे आपण मुलांना शिकवतो. क्लिफर्ड स्टोल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाच्या 'द ककूज एग' (१९८९) या पुस्तकाचे नाव याच खोडीवरून आले आहे. ककू हा आपल्या कोकिळेचा भाऊबंदच. येथे घरटे आहे कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचा संगणक, आणि अंडे म्हणजे परक्या माणसाने त्यात गुपचूप ठेवलेला एक छोटा प्रोग्रॅम. हा संगणक ठरावीक कामासाठी एक प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी आपणहून चालवी. घुसखोराने त्याच्या जागी स्वतःचा प्रोग्रॅम ठेवला. संगणकाने तो इमानेइतबारे चालवला आणि सगळ्या यंत्राचे अधिकार घुसखोराच्या हाती दिले.

गोष्ट सुरू होते ती ७५ सेंटच्या तफावतीपासून. ऑगस्ट १९८६ मध्ये संगणक-वापराच्या हिशेबात एवढी किरकोळ रक्कम जुळेना. दुसऱ्या कुणी ती सोडून दिली असती. स्टोल यांनी दिली नाही. निरीक्षणे टिपायची, वहीत तारीख-वेळ लिहायची, आधी अंदाज बांधायचा आणि मग तो तपासायचा, ही वेधशाळेतली सवय त्यांनी चोर पकडायला वापरली. जवळजवळ दहा महिन्यांनी माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोचला. वैज्ञानिक पद्धत म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना धड्यातून समजत नसेल, तर या पुस्तकातली पहिली शंभर पाने वाचून दाखवावीत. मध्येच कुकीजची पाककृतीही आहे, तीही शिक्षकांना आवडेल.

माझी तक्रार वेगळी आहे. पुस्तकाचा सगळा भर पाठलागावर आहे. चोर ज्या दारातून आत आला त्या दाराच्या बांधणीला मानाने फार थोडी जागा मिळाली आहे. शेवटी सूर लागतो तो विश्वासाचा: संगणकांची जाळी माणसांच्या परस्पर विश्वासावर उभी असतात आणि घुसखोराने तो विश्वास मोडला. हे खरे आहे, पण अपुरे आहे. आणि ते अपुरे का, याचा पुरावा याच पुस्तकात सापडतो.

घुसखोराची पद्धत पाहा. दूरच्या संगणकाशी तारेने जोडून घ्यायचे, दोनचार नेहमीची नावे आणि परवलीचे शब्द टाकून पाहायचे, दार उघडले नाही तर पुढच्या घरी जायचे. एल सेगुंडो येथील अमेरिकी हवाई दलाच्या संगणकात तो 'फील्ड' हे नाव आणि 'सर्व्हिस' हा परवलीचा शब्द टाकून शिरला. यात हुशारी काहीच नव्हती. दुरुस्तीला येणाऱ्या माणसासाठी कारखान्यातूनच बसवून दिलेली ही जोडी होती आणि ती कुणी बदलली नव्हती. त्याने सुमारे ४५० संगणकांची दारे ढकलून पाहिली आणि तीसहून अधिक उघडली, असे स्टोल यांनी १९८८ च्या एका लेखात नोंदवले आहे.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे तीन वेळा चुकले की खाते बंद. बँकेच्या यंत्रात आणि सरकारी संकेतस्थळांवर हा उपाय आपण पाहतो. माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवशी शाळेचे खातेच कुलूपबंद झाल्याचा अनुभव काही मुख्याध्यापकांना तरी असेल. हा उपाय कितपत कामाचा आहे, याचा हिशेब नववीच्या मुलांकडून सहज करून घेता येईल. चार आकडी क्रमांकाच्या शक्यता १०,००० असतात. तीन चुकांनंतर अर्धा तास कुलूप असेल तर दिवसाला १४४ प्रयत्न होतात, म्हणजे सगळ्या शक्यता संपायला ६९ दिवसांहून अधिक लागतील. ठीक वाटते. आता उलट बाजूने मोजा. एका संस्थेत ५,००० खाती आहेत. चोराने प्रत्येक खात्यावर दोनच प्रयत्न केले तर एकही कुलूप न लागता १०,००० प्रयत्न झाले! इतक्या लोकांत एखाद्याने तरी '१२३४५६' ठेवलेला असणारच. हॅनोव्हरचा घुसखोर हेच करत होता, फक्त खात्यांऐवजी संगणक बदलत होता. तीन चुकांच्या नियमाने तो फारसा अडला नसता.

त्याहून वाईट म्हणजे हे कुलूप चोराच्या हातात एक नवे हत्यार देते. कुणाचे नाव ठाऊक असले की मुद्दाम तीनदा चुकायचे. खरा मालक बाहेर. सगळ्यांची नावे ठाऊक असली तर सगळी कचेरी बाहेर. म्हणूनच विंडोजमधल्या मूळ प्रशासकाच्या खात्याला कित्येक वर्षे हे कुलूप लागतच नसे, कारण निदान एक माणूस तरी आत जाऊ शकला पाहिजे. परिणाम असा की सर्वांत मोठा अधिकार असलेल्या खात्यावरच हवे तितके अंदाज करता येत. ऑक्टोबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यालाही कुलपाची सोय दिली: दहा मिनिटांत दहा चुका झाल्या तर दहा मिनिटे बंद. अमेरिकेच्या प्रमाण संस्थेच्या २०१७ च्या नियमावलीतही मर्यादा तीनची नाही; एका खात्यावर सलग १०० पेक्षा जास्त चुका होऊ देऊ नयेत, एवढेच तिचे म्हणणे आहे. त्यापेक्षा प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करत जाणे मला शहाणपणाचे वाटते. एक सेकंद, दोन, चार, आठ असे करत दहा चुकांनंतर एकूण १,०२३ सेकंद, म्हणजे सतरा मिनिटे होतात. विसरभोळ्याला पहिल्या तीनचार चुका जाणवतही नाहीत, अंदाज करणाऱ्या यंत्राचा मात्र जीव मेटाकुटीला येतो.

पण मुळात घुसखोर दाराशी उभा राहून अंदाज करीलच असे नाही. परवलीच्या शब्दांची सांकेतिक यादीच त्याने पळवली तर? पुस्तकात नेमके हेच घडते, आणि माझ्या मते तो भाग सर्वांत मोलाचा आहे. सांकेतिक रूपावरून मूळ शब्द काढता येत नाही. मात्र शब्दकोशातला प्रत्येक शब्द त्याच रीतीने सांकेतिक करून यादीशी ताडून पाहता येतो. हे काम चोर आपल्या घरी बसून करतो. तेथे कसली तीन चुकांची मर्यादा?

हा धोका तेव्हाही नवा नव्हता. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्येच ३,२८९ परवलीचे शब्द तपासून त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज हुडकता येण्यासारखे असल्याचे दाखवले होते. त्याच लेखात आणखी एक बारीक गोष्ट आहे. नाव खोटे असेल तर जुना संगणक झटकन नकार देई, खरे असेल तर शब्द पडताळायला क्षणभर घेई. त्या क्षणावरून कोणती नावे खरी हे बाहेरच्याला कळे. त्यांनी ती चूक दुरुस्त केली. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममध्ये २०१६ साली जवळपास तीच चूक पुन्हा सापडली. त्याच वर्षी 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-शब्दांच्या जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. 'फील्ड' आणि 'सर्व्हिस' यांना तेव्हा तीस वर्षे झाली होती.

म्हणून स्टोल यांच्या पुस्तकातला राग मला थोडा चुकीच्या माणसांवर वाटतो. हॅनोव्हरच्या तरुणांना १९९० मध्ये शिक्षा झाली, तीही स्थगित. कारखान्याचा शब्द न बदलणाऱ्या व्यवस्थापकांना पुस्तकात बोल लागतात, सोपे शब्द निवडणाऱ्यांनाही लागतात. सगळ्या यंत्रांना एकच किल्ली बसवून ती विकणाऱ्यावरचा ठपका मात्र त्यामानाने सौम्य आहे. पुस्तक वर्गात नेणार असाल तर घुसखोर हवाई दलाच्या संगणकात शिरतो ते पान निवडा, आणि चूक कुणाची असे मुलांना विचारा. बहुतेक मुले आधी चोराचे नाव घेतील. मग शाळेच्या राउटरच्या तळाशी चिकटवलेला कागद त्यांना वाचायला सांगा.