कमी खर्चातले भूत

आमच्या नाते गावाने देशाला चिंतामणराव देशमुख दिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे 1950 ते 1956 देशाचे अर्थमंत्री. त्यामुळे बजेटवर बोलण्याचा अधिकार आम्हां नातेकरांकडे वंशपरंपरेने आला आहे, अशी माझी समजूत आहे. (घरचे बजेट बायको करते, ते सोडा.) तेव्हा कमी बजेटच्या भुतांविषयी चार शब्द.

रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' हा 1972 सालचा सिनेमा तयार झाला तो आमच्या डोक्यावरच, महाबळेश्वरला. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की झाले! खर्च म्हणे साडेतीन लाखांच्या आसपास. एक भाऊ कॅमेऱ्यामागे, एक आवाजावर, एक कथेवर, दोघे दिग्दर्शनाला. आमच्याकडे इतके भाऊ एकत्र जमले की दोन गज जमिनीवरून कोर्टात जातात. यांनी तिच्यावर सिनेमा काढला.

या मंडळींना एक मर्म बरोबर सापडले होते : अंधार फुकट मिळतो. दार नुसते करकरत असते तोवर अंगावर काटा येतो. पण एकदा का भूत दिव्यासमोर येऊन उभे राहिले, की त्याच्या तोंडावरचा लगदा दिसतो आणि पोरे खिदळतात. म्हणून की काय, पुढे हसण्याची वेगळी सोय झाली. 'पुराना मंदिर'मध्ये (1984) इकडे सामरी मुडदे पाडतो, तिकडे जगदीप 'शोले'ची नक्कल करतो. दोघांची ओळखदेख नाही. एकाच मांडवात लग्न आणि तेरावे! महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला'ने (1993) हा घोळ मिटवला. बाहुल्याची कल्पना अमेरिकेची असेल, पण रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्यात हसू आणि धास्ती एकाच तोंडात बसली.

हे सगळे शहाणपण नंतरचे. 'दो गज' मी पाहिला तो नात्याच्या अंगणात, भाड्याच्या व्हिडिओवर. बायको आणि तिचा यार मिळून नवऱ्याला पुरतात आणि तो परत येतो, अशी ती कथा. तो आला तेव्हा अर्धे अंगण किंचाळले, अर्धे हसले. मी हसणाऱ्यांत, कारण मी मुंबईहून आलेला.

आमची आत्या तेवढी गप्प. विसाव्या वर्षी कुंकू पुसलेली. नंतर मी चिडवले, "काय आत्या, घाबरलीस ना?"

"घाबरायचंय काय?" चटई गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "बाईनं गुन्हा केलावता, म्हणून ती भ्याली. आमचा आला असता, तर चहा टाकला असता."

त्या सिनेमावर इतकी नेमकी टीका मी पुढे कुठे वाचली नाही. मागच्या दाराची कडी ती रात्री लावायची नाही, एवढे मात्र मला आठवते. आम्ही पोरे तिला विसरभोळी म्हणायचो.