आठांची एक पाठ

२ नोव्हेंबर २०१९, योकोहामा. रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होऊन तीन मिनिटे होतात न होतात तोच इंग्लंडचा टाइटहेड प्रॉप, म्हणजे पहिल्या ओळीतला उजवीकडचा गडी, काइल सिंकलर डोक्याला मार लागून बाहेर गेला. बदली आलेल्या डॅन कोलच्या पुढ्यात होता दक्षिण आफ्रिकेचा टेंडाई म्टावारिरा, म्हणजे ‘बीस्ट’. इंग्लंडचा स्क्रम, म्हणजे एकमेकांना धरून रेटणाऱ्या आठ जणांची फळी, मागे रेटला जाऊ लागला, दक्षिण आफ्रिकेला पेनल्टी मिळत गेल्या आणि सामना ३२-१२ असा त्यांच्याकडे गेला.

पाहणाऱ्यांना दिसली ती ताकद. पण एका बाजूच्या आठ जणांचे वजन नऊशे किलोच्या घरात असते आणि समोरचेही काही कमी नसतात. फरक पडतो तो पकडीने आणि पायांनी. लूजहेड, म्हणजे डावीकडच्या प्रॉपचा डावा हात समोरच्याच्या उजव्या हाताच्या आतून जाऊन जर्सी धरतो. ते कोपर खाली आले की खांदा पडतो, खांद्यामागून छाती, आणि अख्खा स्क्रम मातीत. पाय फार मागे राहिले तर मागच्यांच्या रेट्यानेच माणूस तोंडावर आपटतो. फार पुढे आले तर त्याची घडी होते. पैलवान ठाण म्हणतात ते हेच.

हे ठाण आठांनी एकत्र कसे घ्यावे, याचे उत्तर अर्जेंटिनाने शोधले. सान इसिद्रो क्लबचे प्रशिक्षक फ्रान्सिस्को ओकाम्पो यांनी घडवलेल्या ‘बाहादा’ पद्धतीत कोणी सुटा रेटा देत नाही. इशाऱ्यावर आठही जण खाली बसतात आणि सगळा जोर मधल्या हुकरमधून पुढे जातो. अर्जेंटिनाच्या प्रॉप्सना युरोपच्या क्लबांत मागणी राहिली, ती या तालमीमुळेही.

नियमांनीही याच दिशेला कौल दिला. पूर्वी दोन्ही फळ्या दुरून धडकत आणि पहिल्या धडकेतच निकाल लागे. २०१३पासून ‘क्राउच, बाइंड, सेट’ हा क्रम आला. आधी पकड, मग भिडणे. बाथ विद्यापीठाच्या अभ्यासानुसार त्याने धडकेचा जोर सुमारे पाव हिश्शाने घटला. झेप मागे पडली, टिकून रेटण्याला किंमत आली.

खटकते ते पुढचे. तंत्र सुधारले तसे त्याचे ध्येयच सरकले. स्क्रम ही खेळ पुन्हा सुरू करण्याची रीत. आज कितीतरी संघ चेंडूसाठी नव्हे, पेनल्टीसाठी रेटतात. चेंडू आपल्याच पायांकडे तिरका टाकला जातो आणि पंच बहुधा काणाडोळा करतात, मग हुकरची पाय मारून चेंडू ओढण्याची कला गंजणारच. २०२३च्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या डॅमियन विलेम्सेने झेल घेऊन मिळवलेल्या फ्री किकवर लाथेऐवजी स्क्रम मागितला. २०२४मध्ये फ्री किकऐवजी स्क्रम मागण्याची ती वाटच बंद झाली.

सरावातही तीच गत. स्क्रमयंत्रावर रेटा वाढतो, पण यंत्र तिरके शिरत नाही, ऐनवेळी पकड सोडत नाही. ते ओळखायला समोर माणूसच लागतो, आणि मानेला इजा होण्याच्या भीतीने तो सराव मोजकाच होतो. म्हणून जोर घडतो, समज मागे राहते. सर्वांत मागच्या, आठव्या गड्याच्या पायाशी चेंडू किती वेळा स्वच्छ आला, याचा हिशेब प्रशिक्षकांनी पेनल्टीइतक्याच आस्थेने ठेवला, तर हुकरच्या पायालाही पुन्हा काम मिळेल.